जागेवरची फळी

माझ्या आयुष्यात तंत्रज्ञान तीनदा आलं आणि तिन्ही वेळा समोसे घेऊन आलं.

पहिल्यांदा टाइपरायटर गेले आणि कॉम्प्युटर आले. दुसऱ्यांदा कागदच गेले आणि सगळं ऑनलाइन झालं. तिसऱ्यांदा, म्हणजे आत्ता, मी गेलो. पण त्याला गेलो म्हणायचं नाही, 'सल्लागार भूमिकेत आलो' असं म्हणायचं. दर वेळी कॉन्फरन्स रूममध्ये सगळ्यांना गोळा करतात, कुणीतरी टाय लावलेला माणूस पडद्यावर वर जाणारे बाण दाखवतो आणि शेवटी हमखास सांगतो की यामुळे कुणाचीही नोकरी जाणार नाही. हे वाक्य ऐकू आलं की समजावं, बाहेर समोसे आलेले आहेत.

न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या मालाची कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्या एका कंपनीत मी तीस वर्षं काढली. ऑफिस बेलापूरला, घर करंजाड्याला. आता काम काय, तर जगातल्या झाडून सगळ्या वस्तूंना सरकारने एकेक आकडी कोड दिलेला आहे. कंटेनरमधून जे बाहेर येईल त्याला त्यातला नेमका कोड लावायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण चिनी आकाशकंदील आला की तो दिवा, कागदी सामान की सणाची सजावट, यावर दोन शिकलेली माणसं अख्खा दिवस भांडू शकतात. मी भांडलेलो आहे. आमचे वडील साताऱ्याकडून येऊन वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार झाले. जो माल त्यांनी पाठीवरून वाहिला, तसल्याच मालाचे कागद मी पंख्याखाली बसून करायचो. आमच्या घरात याला पोरगं मार्गाला लागलं असं म्हणत.

हे काम मला आमच्या हेडक्लार्क काकांनी शिकवलं. काकांचा एकच नियम होता : वस्तू हातात घेतल्याशिवाय कोड लिहायचा नाही. ते मला कंटेनर यार्डात न्यायचे, खोकं फोडायला लावायचे आणि आतली वस्तू हातात देऊन विचारायचे, "हं, सांग. हे काय आहे?" मी खोक्यावरचं नाव वाचून दाखवलं की चिडायचे. "त्याने काय लिहिलंय ते नको. हे काय आहे ते सांग." खोक्यावर 'सजावटीचा दगड' असतो आणि आत फरशी निघते, हे मी त्यांच्याकडून शिकलो. चुकीचं डिक्लेरेशन म्हणजे आमच्या धंद्यात सगळ्यात मोठं पाप. तीस वर्षांत माझ्या हातून ते एकदाही झालं नाही, असं मी निरोपाच्या भाषणात म्हणणार होतो. ते भाषण कसं हुकलं, तेच सांगतोय.

पहिल्या समोशांच्या वेळी ऑफिसात एकच कॉम्प्युटर आला. तो मानाने काकांच्या टेबलावर बसवला. काका त्याला घाबरायचे. सकाळी आले की त्याचं कव्हर नीट आहे ना ते बघायचे आणि शेजारी टाइपरायटर ओढून कामाला लागायचे. मी मात्र सानपाड्याला क्लास लावला होता. एकदा काका हळूच म्हणाले, "संध्याकाळी तासभर थांबशील का रे? मला जरा दाखव ते." मी म्हणालो, "उद्या नक्की, काका." असे बरेच उद्या गेले. मग काकांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं, ते पंधरा दिवस रजेवर गेले आणि साहेब मला म्हणाले, तोवर तू तिथं बस, काम अडायला नको. पंधरा दिवसांनी काका डब्याची पिशवी घेऊन आले आणि टेबलापाशी उभे राहिले. "मी कुठं बसू रे?" त्यांनी विचारलं. मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालो, "बसा ना काका, कुठेही."

मी उठलो नाही. काका वर्षभर डिस्पॅचच्या बाकावर बसून पाकिटांवर पत्ते लिहीत राहिले आणि मग मुदतीआधीच रिटायर झाले. मी सीनियर झालो, पुढे मॅनेजर झालो. लोक याला करिअर म्हणतात. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो.

तिसरे समोसे आले तेव्हा मला एका नव्या खात्याचं प्रमुख केलं : ज्ञान हस्तांतरण. खात्यात मी एकटाच. समोर एक प्रोग्राम ठेवला होता. तो व्यापाऱ्याचं बिल वाचून पापणी लवायच्या आत कोड सांगायचा आणि मी त्याला सहा महिने सांगायचं की कुठं चुकलं आणि का. मशीनने आकाशकंदिलाला छत्री म्हटलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. पण ते पुन्हा कधीच चुकलं नाही. काकांनी वर्षानुवर्षं मला दिलेलं सगळं मी सहा महिन्यांत त्याच्या घशात घातलं. रोज, वेळेवर. त्याला एकदाही 'उद्या' म्हणालो नाही. तशी सोयच ठेवली नव्हती त्यात.

आता कामच उरलं नाही म्हटल्यावर माझ्या अंगी समाजसेवेचे गुण असल्याचं कंपनीच्या लक्षात आलं. एचआरच्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, हुशार आणि सदैव उत्साही. त्या म्हणाल्या, "सर, समाजाने आपल्याला किती दिलंय! आता परत द्यायची वेळ आलीय. टेन्शन नका घेऊ, आठच शनिवार आहेत." बेलापूर खाडीकाठच्या दिवाळे गावातल्या मासे विकणाऱ्या बायकांना कंपनी डिजिटल करणार होती. सगळ्यांत माझंच मराठी बरं, म्हणून मी. माझ्या हातात एक कुंडीतलं रोप देऊन फोटो काढला. ते रोप पुढे एचआरच्याच टेबलावर राहिलं, बहुधा पुढच्या समाजसेवकासाठी.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, बायकांना सवड असते. म्हणून वर्ग तेव्हाच ठेवला, गावच्या समाजमंदिरात. पहिल्या शनिवारी वीसेक बायका आल्या, त्यातल्या निम्म्या मला बघायला. मी पडद्यावर वर जाणारे बाण दाखवले. एक म्हातारी मावशी पहिल्याच ओळीत पाय पसरून बसली होती. तिने विचारलं, "मास्तर, तू मासे खातस का?" मी म्हणालो, आमच्याकडे मटण जास्त. त्यावर ती शेजारणीला म्हणाली, "बग. याला बांगडा नि बोंबील कळत नाय, नि हा आपल्याला मासे विकाया शिकवनार." सगळा वर्ग खो खो हसला. मी त्या दिवशीच्या अहवालात लिहिलं : 'एका ज्येष्ठ महिलेकडून बदलाला विरोध.'

त्या वर्गात एक ताई होती, चाळिशीची. नवरा आजारपणात गेलेला, दोन मुली शिकणाऱ्या. ती कमी बोलायची आणि एकदा दाखवलेलं विसरायची नाही. तिसऱ्या शनिवारपर्यंत ती फोटो काढून, नाव टाकून, बेलापूर-नेरूळच्या टॉवरमधल्या गिऱ्हाइकांचा ग्रुप करून मोकळी झाली होती. मला फार आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मशीनला शिकवताना जे वाटत नव्हतं ते तिला शिकवताना वाटायचं. कंपनीने एक ॲप काढलं, ताजी मासळी घरपोच. त्यासाठी एक टेम्पो भाड्याने लावला आणि ठरवलं की पहिली डिजिटल उद्योजिका ही ताईच.

तिने एकच प्रश्न विचारला. "सर, आनि माझ्या जागेचं काय?"

ही जागा समजून घ्यायला हवी, कारण मी ती तेव्हा समजून घेतली नाही. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला बायका ओळीने मासे घेऊन बसतात. कुणाची जागा कुठली हे कुठल्याही कागदावर नाही. जी रोज बसते तिची. ताईची जागा ओळीत दुसरी, सावलीतली, गाड्या थांबतात तिथली. ती तिला सासूकडून आली होती. ताईच्या एका बाजूला ती पाय पसरणारी मावशी बसायची. ओळीच्या पार शेवटी, गटाराशेजारी, आणखी एक बाई बसायची आणि ताईच्या जागेवर तिचा कैक वर्षांपासून डोळा होता. तिथला रिवाज असा की बाळंतपण, सुतक किंवा आजारपण आलं, तर शेजारीण त्या जागेवर मासे कापायची एक लाकडी फळी ठेवते. फळी असेपर्यंत तिथं कुणी बसायचं नाही. पण दुसरा धंदा धरून कुणी आपल्या मनाने जागा सोडली, तर फळी नाही. मग जी पहिली बसेल तिची.

हे सगळं ताईने मला नीट सांगितलं. मी मोठ्याने हसलो. "अहो ताई, कसली जागा घेऊन बसलात! उन्हात, धुळीत रस्त्यावर बसायची गरजच काय आता? तुमची जागा मोबाईलमध्ये. ती कुणी घेऊ शकत नाही." हे बोलताना मला वाटलं की हे मी कुठंतरी ऐकलंय. कुठं ते नंतर आठवलं. फक्त समोसे नव्हते.

गौरी-गणपती झाले आणि ताईने बसणं बंद केलं. पहाटे धक्क्यावर मासळी घ्यायची, घरी साफ करून बर्फात भरायची आणि टेम्पोत चढवायची. तंत्रज्ञानाने आपले रंग लगेच दाखवले. ॲपला किलोने भाव हवा होता. ताईने उभ्या जन्मात वाट्याने विकलेलं. वाटा म्हणजे समोर लावलेला माशांचा छोटा ढीग. गिऱ्हाईक बघून त्यात एखादा मासा वर टाकायचा, हा त्यातला खरा व्यवहार. ॲपमध्ये वर टाकायची जागा नव्हती. मी तिला मशीनला सांगायचो तशा ठाम आवाजात सांगितलं की सवय होईल. एका टॉवरमधल्या बाईंनी पाचपैकी एक तारा दिला, कारण माशाला माशाचा वास येत होता. ताईने मला विचारलं की याला उत्तर काय लिहू. मी लिहून दिलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.' ताईला जे लिहायचं होतं ते जास्त बरं होतं.

तरीही चाललं. दिवाळीनंतर तर चांगलंच चाललं. मग एचआरच्या मॅडमना वार्षिक अहवालासाठी यशोगाथा हवी झाली. ताईचा फोटो काढला, नवी साडी, हातात मोबाईल. फोटोखाली तिचं एक वाक्य हवं होतं. मी फोनवर तिला विचारलं. ती म्हणाली, "बरं चाललंय सर. बसायला करमत नाय तेवढं." हे काही यशोगाथेचं वाक्य नव्हे. मी विचार केला आणि तिच्या नावाने लिहून टाकलं : 'आता मला रस्त्यावर बसावं लागत नाही. ती जागा मी कायमची सोडली!' मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वाक्याचा मोठा फ्लेक्स छापून समाजमंदिराच्या भिंतीवर लावला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याने काय लिहिलंय ते नको, हे काय आहे ते सांग, असं विचारणारे काका तिथं नव्हते.

मार्च संपला आणि सोबत प्रकल्पही. मला ईमेल आला, इंग्रजीत, शेवटी सूर्यास्ताचं चित्र. ॲप बंद, टेम्पो बंद. नव्या वर्षाचा विषय कांदळवन ठरला होता, रोपं आणायला माणसं गेलीसुद्धा. मी मॅडमकडे धावलो. म्हणालो, त्या बाईचं काय? त्या गोंधळल्या. "पण सर, ती तर सक्सेस स्टोरी आहे ना! तिला काय झालं?" त्यांच्या अहवालात ताई सुखरूप होती. त्याच आठवड्यात मलाही कळवलं की मशीन आता उत्तम तयार झालंय, मी आठवड्यातून दोनच दिवस यावं. माझं टेबल काढून तिथं हिरवा गालिचा आणि गोल उशा टाकल्या होत्या. मी पिशवी घेऊन उभा होतो. ऑफिसमधली एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "सर, आता सगळं ओपन सीटिंग आहे. कुठेही बसा ना."

मी त्या गोल उशीवर बसलो आणि मला उठता येईना. गुडघ्यांमुळे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. "सर, ॲप उघडत नाय." मी तिला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "शनवारी मी बसाया जाते. बघते काय होतंय ते." तिने मला बोलावलं नव्हतं. पण शनिवार माझाच वार होता, म्हणून गेलो. एप्रिलचं ऊन सकाळी आठलाच चटके देत होतं. ताई डोक्यावर पाटी घेऊन पुढे आणि मी रिकाम्या हाताने मागे. रस्ताभर मी मनात भाषण जुळवत होतो : जागा गेली असली तरी खचू नका, वगैरे. भाषणाची सवय लवकर सुटत नाही. आतून मला भीती वाटत होती. दोन मुली आणि ही बाई, आणि हिच्या पायाखालची सासूची जागा मी काढून घेतली, माझ्या शनिवारांसाठी. एवढी भीती मला कुठल्याही कस्टम्स ऑफिसरची वाटली नव्हती.

लांबूनच ओळ दिसली. दुसऱ्या जागेवर कुणी बसलेलं नव्हतं. तिथं एक फळी होती. ओली, घासून धुतलेली, वर एक दगड ठेवलेला. आणि फळीच्या समोर गटाराकडची ती बाई कंबरेवर हात ठेवून उभी होती. ताईला बघून तिचा आवाज चढला.

"आली बगा आजारी! सात महिने फळी. कसला आजार असतो गं सात महिने?"

पाय पसरून बसलेल्या मावशीने कोयत्यावरून मान वर केली नाही. "सांगितलं ना. आजारी होती."

"काय झालेलं?"

"मोबाईल," मावशी म्हणाली आणि बोंबलाचं डोकं उडवलं.

ओळीतल्या दोघी-चौघी हसल्या. पण ती बाई हटली नाही. तिने मागे, समाजमंदिराकडे बोट दाखवलं. फ्लेक्स इथूनही दिसत होता, ताईचा हसरा फोटो, खाली वीतभर अक्षरं. "तिथं काय लिवलंय? जागा कायमची सोडली. हिनंच सांगितलंय, छापून आलंय. आजारी मानूस असं बोलतो का? सोडलेल्या जागंवर फळी नाय चालत. रिवाज हाय." हसणाऱ्या बायका फ्लेक्सकडे बघायला लागल्या. ती बरोबर बोलत होती, हेच वाईट होतं. तिचंही वय झालं होतं, तिच्या गटाराशी गाड्या थांबत नव्हत्या आणि तिच्या हातात छापील पुरावा होता. तो मी पुरवला होता. ताई पाटी डोक्यावर तशीच ठेवून उभी राहिली. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने बघितलं असतं तर सोपं गेलं असतं.

मी पुढे झालो. म्हणालो, "ते वाक्य तिचं नाही. मी लिहिलंय."

"पन नाव हिचं हाय."

"नाव तिचं टाकलं, पण बोललो मी. तिने सांगितलं होतं की बसायला करमत नाही. मला ते छापायला बरं दिसेना, म्हणून खोटं लिहिलं. तिने जागा सोडलेली नाही. मी सोडायला लावली. आधी तिने मला तुमचा रिवाज नीट सांगितला होता, तेव्हा मी हसलो होतो."

तीस वर्षांत मी एक चुकीचं डिक्लेरेशन केलं आणि ते रस्त्याच्या कडेला, मासेवाल्या बायकांसमोर दुरुस्त करावं लागलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला लाज वाटत होती आणि तरी हलकंही वाटत होतं. मग मावशीने कोयता खाली ठेवला आणि पहिल्यांदाच त्या बाईशी जरा मऊ आवाजात बोलली. "ऐकलंस ना? याच्या नादाला लागलेली पोर. आजार नाय तर काय? तू उद्यापासून माझ्या या बाजूला सरक, मी जरा आखडते. माझे पाय काय, कुटं बी मावतील." त्या बाईने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. मग ती काहीतरी पुटपुटत आपल्या पाटीकडे गेली. तिची पाटी त्याच दिवशी ओळीत अलीकडे आली. उद्यापर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती.

ताईने दगड उचलला, फळी बाजूला केली आणि बसली. पदर खोचला, बांगड्यांचे चार वाटे लावले. मग पहिलं गिऱ्हाईक थांबलं, तिने भाव सांगितला, थोडी घासाघीस झाली आणि ते उठताना तिने एक बांगडा वर टाकला.

मी मावशीला विचारलं, "सात महिने रोज फळी ठेवलीत?"

"रोज आनायची, रोज धुवाची, रोज घरी न्यायची. रातची ठेवली तर कोन चुलीत घालील."

"पण ती परत येईल हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? शेजारीन हाय." तिला प्रश्नच कळला नाही. मी अहवालात जिला विरोध करणारी म्हटलं होतं ती ही. तिने माझ्यासमोर एक रिकामा क्रेट उपडा घातला. "बस. उन्हात कशाला उभा?" मी ऑफिसच्या पॅन्टनिशी त्या दोघींच्या मधे बसलो. एका गिऱ्हाइकाने मलाच विचारलं, "पापलेट कसं दिलं?" मला पापलेटचा कोड तोंडपाठ होता, ताज्याचा वेगळा, गोठवलेल्याचा वेगळा. भाव माहीत नव्हता.

मावशी हसली आणि म्हणाली, "मास्तर, आज तुझं हापिस नाय? तुझ्या जागंवर कोन बसलाय?"

"उशी," मी म्हणालो. तिला टेबलाचं सगळं सांगितलं.

"मग फळी नाय ठेवली कोनी?"

मी नाही म्हणालो. आणि मग का कोण जाणे, आजवर बायकोलाही न सांगितलेलं त्या बाईला सांगितलं. काकांनी यार्डात नेऊन कसं शिकवलं, तासभर मागितला तेव्हा मी कसा रोज उद्या म्हणालो, ते ऑपरेशनहून आले तेव्हा मी खुर्चीवरून कसा उठलो नाही. डिस्पॅचचा बाकही सांगितला. ताई गिऱ्हाईक करता करता ऐकत होती. मावशी बोंबील साफ करत होती. मला वाटलं, ती आता काहीतरी समजुतीचं बोलेल.

ती म्हणाली, "जिवंत हाय तो?"

"आहेत. कामोठ्याला असतात. ऐंशीच्या पुढे गेले."

"मोबाईल हाय त्याच्याकडं?"

"असेल. मुलाने दिला असेल."

"येतो त्याला चालवाया?"

"माहीत नाही. मी गेलोच नाही कधी."

तिने कोयता थांबवला आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. "आमा वीस बायांना आठ शनवार शिकवलंस," ती म्हणाली. "मग इथं काय बसलायस?"

ताईने न विचारता एका वाट्यातले बांगडे कागदात बांधले, त्यावर एक आणखी टाकला आणि पुडी माझ्या हातात दिली. मी पाकीट काढलं तर दोघी एकदम ओरडल्या. मी क्रेटवरून उठलो. पॅन्टला खवले चिकटले होते. ते तसेच घेऊन मी कामोठ्याची बस पकडायला निघालो.